झेल घेतल्यानंतर

त्या वर्षी आमच्या घरातली तीन खोल्यांची तीन दारं दिवसभर बंद असायची. माळ्यावरच्या खोलीत बाबा, त्यांच्या खाली आई, आणि जिन्यालगतच्या अरुंद खोलीत मी. आइंडहोवनमधलं आमचं घर म्हणजे रांगेतल्या बावीस सारख्या घरांपैकी एक. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या बाईंनी कपाट उघडलं तरी आम्हाला कळायचं. बाबा चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारे इंजिनीअर होते, आई एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायची, आणि महासाथीनं दोघांनाही ऑफिसमधून उचलून घरी आणून बसवलं होतं. माळ्यावरून बाबांचा आवाज यायचा, "कॅन एव्हरीबडी सी माय स्क्रीन?" खालून आईचा, "सॉरी, सॉरी, यू गो फर्स्ट." फ्रिजवर आईनं एक कागद चिकटवला होता. कुणाची मीटिंग किती वाजता, हे ती रोज सकाळी त्यावर लिहायची, आणि त्याचा उपयोग एकच, कुकर कधी लावायचा ते ठरवणं. एकदा अंदाज चुकला आणि बाबांच्या साहेबासमोर कुकरची शिट्टी गेली. साहेबानं काळजीनं विचारलं, घराला आग तर लागली नाही ना. त्यावर आई जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या वर्षातलं तिचं हसणं आठवायचं म्हटलं तर मला तेवढंच आठवतं.

खाण्याचं म्हणाल तर भाजणी संपली, इथपासून आमची खरी महासाथ सुरू झाली. दर उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या बॅगेत भाजणीचे चार पुडे असायचे. विमानं बंद झाली आणि शेवटचा पुडा आईनं महिनाभर पुरवला. मग तुर्की दुकानातून डाळी, गहू, धणे आणून तिनं स्वतः भाजणी करायची ठरवली. धणे करपले, स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म बोंबलायला लागला, बाबा माळ्यावरून मोजे घालून धावत खाली आले आणि जिन्यात घसरले. त्या भाजणीचं थालीपीठ थोडं कडूच लागायचं. आम्ही तिघं ते गुपचूप खायचो. तक्रार करायची तर कुणाकडे? जो तो आपापल्या खोलीत आपलं आपलं काहीतरी गिळत होताच.

माझं काय गिळणं चाललं होतं, ते सांगायला हवं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि बेसबॉल खेळायचो. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांतली मुलं हॉकी खेळत, पोहत, एखादा बुद्धिबळात नाव काढी. बेसबॉल ऐकलं की काकू मंडळी आईला विचारायच्या, "म्हणजे ते अमेरिकेतलं? इथे कोण खेळतं ते?" खेळतात. डच लोक चांगलं खेळतात, पण फार बोभाटा करत नाहीत. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी सात वर्षांचा होतो. घराजवळच्या बेसबॉल क्लबचं फाटक उघडं होतं, त्यातून आत गेलो आणि पुढली कित्येक वर्षं बाहेर आलो नाही. क्लबवर सगळे मला नीनो म्हणायचे, कारण निनाद म्हणताना त्यांची जीभ अडखळायची.

मी उभा राहायचो मैदानाच्या पार मागे, मधोमध. ती जागा लांबून फार निवांत दिसते. फलंदाज तिकडे दूर, आपण इकडे गवतात एकटे, तासातून दोनदा चेंडू येणार. पण बॅटला चेंडू लागल्याचा आवाज आला की अर्ध्या क्षणात ठरवावं लागतं, पुढे धावायचं की मागे. तिथं चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मी आवाजावरून ठरवायचो. भरीव, कोरडा टक् आला की पाठ फिरवायची आणि चेंडूकडे न बघता कुंपणाच्या दिशेनं पळत सुटायचं. मग जिथं तो पडणार असं वाटतं तिथं पोचूनच मान वर करायची. आमचे प्रशिक्षक योस, साठीतले, पूर्वी पोस्टमन होते. ते म्हणायचे, "हा पोरगा चेंडूची वाट बघत नाही, चेंडू याची वाट बघतो." माझा दंड काही फार ताकदीचा नव्हता. लांबून फेकलेला चेंडू मधेच दमायचा. ती उणीव पायांनी आणि अंदाजानं भरून काढायची, एवढाच माझा खेळ. पुढे अकरा हंगाम मी पोटासाठी खेळलो, तीन देशांत. या अकरा हंगामांत खेळाचा पाया तोच राहिला. बदललं ते फक्त झेलानंतरचं, आणि ते का बदललं तेच इथं लिहितोय.

शाळा संपल्यावर घरात एक करार झाला होता. आईला मी मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात जायला हवा होतो, आणि प्रवेश मिळालाही होता. मला जायचं होतं अमेरिकेत, एका मोठ्या क्लबच्या धाकट्या संघाच्या शिबिरात. तिथून व्यावसायिक करार मिळतो. तिथं नेणारा माणूस म्हणजे स्काउट, खेळाडू हेरत फिरणारा. त्यानं मला एकदा पाहून ठेवलं होतं आणि पुन्हा बघायला येतो म्हणाला होता. आई म्हणाली, "एक वर्ष देते. एक. पुढच्या सप्टेंबरात तू वर्गात बसलेला असशील नाहीतर विमानात." मी आनंदानं हो म्हटलं. आणि लगेच महासाथीची दुसरी लाट आली. क्लबच्या फाटकाला साखळी लागली. स्काउटची भेट रद्द झाली, मग दुसऱ्यांदा ठरली, मग दुसऱ्यांदा रद्द झाली. दर काही आठवड्यांनी संध्याकाळी टीव्हीवर पत्रकार परिषद व्हायची. आम्ही तिघं सोफ्यावर बसून ती ऐकायचो, आणि दर वेळी "खेळाचे क्लब" हे शब्द आले की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. अजून तीन आठवडे. अजून चार. माझं एक वर्ष असं तुकड्यातुकड्यानं जात होतं आणि मला खोलीत बसून ते बघावं लागत होतं. पहाटे जाग यायची आणि मी नुसता छताकडे बघत पडायचो. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपलं संपलं असं वाटणं म्हणजे आज मला हसू यायला हवं. येत नाही. त्या खेळात एकोणीस म्हणजे उशीरच असतो, आणि हे मला कळत होतं.

बाबांना ते दिसत होतं. एका दुपारी त्यांनी माझ्या दारावर टकटक केलं. हातात त्यांची कॉलेजच्या संघातली क्रिकेटची बॅट. "चल निन्या, कालव्यावर जाऊ. मी मारतो, तू पकड." मी इंग्रजीत म्हणालो की बाबा, हा वेगळा गेम आहे. तेव्हा मी त्यांना मराठीत उत्तर देतच नसे. मराठी सगळं कळायचं, यायचंही, पण तोंडातून इंग्रजी नाहीतर डच निघायचं. ते म्हणाले, "उंच उडालेला चेंडू सगळीकडे सारखाच खाली येतो." कालव्यापलीकडे गवताची मोठी मोकळी जागा होती. एका घरातली माणसं एकत्र असली तर चालायचं, तेवढीच काय ती सवलत. पहिल्याच आठवड्यात निळ्या जाकिटातला नगरपालिकेचा माणूस सायकल थांबवून आला आणि विचारू लागला, तुम्ही एका घरातले का. बाबांनी आधी माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या नाकाकडे, आणि म्हणाले, "सेम नोज." तो हसला आणि गेला.

मग रोज चार वाजता. पाऊस असो, हाडं गोठवणारा वारा असो. बाबांची पोटरी दुखायची, बॅटच्या मुठीचं रबर निघालं, बेसबॉलच्या टणक चेंडूनं बॅटला खळगे पडले. पण माणसाच्या मनगटात कला होती. सत्तर पावलांवरून ते चेंडू असा चढवायचे की तो ढगात दिसेनासा व्हायचा. मी पाठ फिरवून पळायचो, वळायचो, पकडायचो. आणि मी पकडला की बाबा तिकडून दोन्ही हात वर करून ओरडायचे, "औट!" आणि मी चेंडू हवेत उंच उडवायचो. क्रिकेटमध्ये झेल घेतल्यावर उडवतात तसा. बाबांना ते फार आवडायचं. पन्नाशीचा गृहस्थ, दिवसभर हेडफोन घालून बसलेला, त्या एका क्षणी कॉलेजात जायचा.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. क्रिकेटमध्ये झेल झाला की चेंडू मेला. मग उडवा, खिशात घाला, कुणाला काही फरक पडत नाही. बेसबॉलमध्ये झेल झाला तरी चेंडू जिवंतच असतो. फलंदाज बाद होतो, पण मैदानातल्या चार बेसपैकी, म्हणजे चार ठाण्यांपैकी, एकावर थांबलेला त्याचा साथीदार त्या क्षणापासून पळायला मोकळा होतो, आणि चौथ्या बेसवर, म्हणजे घरी पोचला, की धाव. म्हणून मागे उभं राहणाऱ्यानं झेल घेतल्याबरोबर चेंडू आत फेकायचा असतो. मी एकदा योसना सरावाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. "नीनो, पाय उत्तम. पण चेंडू वर का उडवतोस? खोयन!" खोयन म्हणजे फेक. मी म्हणालो, ते फक्त बाबांसाठी. ते खरंच होतं. क्लबच्या मैदानावर इतक्या वर्षांत मी एकदाही चेंडू उडवला नव्हता. कालव्याकाठी उडवायचो, ते जाणूनबुजून, बाबांचा चेहरा बघायला. हे मला पक्कं माहीत होतं, आणि हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो आहे.

महासाथीच्या दुसऱ्या वसंतात पुण्याहून काकाचा फोन आला. आजोबांना ऑक्सिजन लागला होता आणि खाट मिळत नव्हती. पुढचे चार दिवस बाबा फोनवर होते, मीटिंगांच्या मधे, मीटिंगांच्या आत, माइक बंद करून. कुणाला तरी ओळखणारा कुणीतरी, त्याचा नंबर, मग तिसऱ्याचा नंबर. खाट मिळाली. पाचव्या दिवशी सकाळी आजोबा गेले. विमानं नव्हती, असती तरी वेळेत पोचता आलं नसतं. काकाच्या मुलानं मोबाइल धरला आणि बाबांनी माळ्यावर बसून आपल्या वडिलांचे अंत्यसंस्कार पाहिले. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातली चार माणसं होती, त्यातला काका कुठला ते त्यांना ओळखू येत नव्हतं. मी आणि आई जिन्यात उभे होतो. दार बंद होतं. ठोठावायचं धाडस आम्हाला झालं नाही. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "गुड मॉर्निंग ऑल. कॅन एव्हरीबडी सी माय स्क्रीन?" आई जिन्यातच मटकन खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो.

त्या दिवशी चार वाजता बाबा नेहमीसारखे बॅट घेऊन खाली आले. आई म्हणाली, "अहो, आज राहू द्या." ते म्हणाले, "त्याचा सराव बुडेल." कालव्यावर त्यांनी चेंडू मारले, नेहमीपेक्षा जोरात आणि नेहमीपेक्षा जास्त. मी पळालो, पकडले. ते "औट" म्हणाले नाहीत. मी चेंडू उडवला, तर ते दुसरीकडे बघत होते. पुढचे तीन आठवडे असंच चाललं. जेवताना नाही, गवतावर नाही, बाबा बोलायचेच नाहीत. आई रात्री मला म्हणायची, "तू तरी बोल ना त्यांच्याशी." मी काय बोलणार? मी रोज एकापेक्षा एक झेल घ्यायला लागलो. झेप मारून, लोळून, उलट्या हातानं. एखाद्या झेलानं तरी ते ओरडतील, अशी वाट बघत. माझी माणूस हसवायची अक्कल तेवढीच होती.

अशात स्काउटचा निरोप आला. निर्बंध थोडे सैल झाले होते, क्लबला आपल्याच खेळाडूंचे दोन संघ करून खेळायची परवानगी मिळाली होती, प्रेक्षक मात्र नाहीत. स्काउट एका दिवसासाठी येणार. योसनी फोनवर सांगितलं, "नीनो, हा पुन्हा येणार नाही. जे आहे ते त्याच दुपारी दाखव." सप्टेंबर तीन महिन्यांवर आला होता. मास्ट्रिख्टच्या वसतिगृहाचा अर्ज आईनं भरून ठेवला होता आणि तो टेबलावर, मला दिसेल असा, ठेवला होता. तिचं काही चुकलं नव्हतं.

त्या दुपारी बाबांनी रजा टाकली. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ते मैदानाच्या पार मागे, कुंपणाच्या जाळीबाहेर, सायकलच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. म्हणजे माझ्या पाठीमागे, सर्वांत जवळ. स्काउट पलीकडच्या टोकाला फलंदाजाच्या मागे, मास्क लावून, गळ्यात स्टॉपवॉच. मी फलंदाजीत बरा खेळलो, एक चांगला फटका, एकदा बाद. मागे दोन सोपे झेल आले, घेतले, फेकले, सगळं नेमकं. शेवटचा डाव, दोन्ही संघांची धावसंख्या सारखी. समोरच्या संघाचा एक गडी बाद झालेला आणि त्यांचा एक मुलगा दुसऱ्या बेसवर उभा. मी त्याला पाहिलं होतं. तो तिथं आहे, हे माझ्या डोक्यात लख्ख होतं. मग तो आवाज आला, भरीव, कोरडा. मी पाठ फिरवली आणि धावलो.

इतकं लांब मी कधी धावलो नव्हतो. कुंपण जवळ येत होतं, जाळीपलीकडे बाबांचं करडं जर्किन मोठं मोठं होत होतं. मी मान वर केली, डाव्या खांद्यावरून चेंडू उतरत होता. हात पुरे लांबवला आणि तो हातमोज्याच्या टोकात येऊन बसला. मी जाळीवर आदळलो, पण पडलो नाही. आणि जाळीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, बाबांनी दोन्ही हात वर केले. मास्क हनुवटीवर आलेला. तीन आठवड्यांनी त्यांच्या घशातून तो शब्द निघाला. "औट!"

त्यांचा चेहरा मी आजही काढून दाखवू शकेन. डोळे ओले, दात दिसत होते. मला माहीत होतं की दुसऱ्या बेसवरचा मुलगा पळतोय. योस तिकडून ओरडत होते, "खोयन! खोयन!" मला ऐकू येत होतं. आणि मी चेंडू उडवला. उंच. बाबांकडे बघत. भान हरपून नाही, सवयीनं नाही. मला वाटलं, एवढं एकदा. तो खाली येईपर्यंत किती वेळ गेला असेल? दोन सेकंद, तीन. मी वळून फेकला तेव्हा तो मुलगा तिसऱ्या बेसला वळसा घालून गेला होता. माझ्या दमेकरी फेकीचा चेंडू दोन टप्पे घेत पोचला, तोवर तो घरी उभा राहून सोबत्यांच्या टाळ्या घेत होता. सामना गेला.

मैदान रिकामं होत असताना स्काउट माझ्याकडे चालत आला आणि दीड मीटरवर थांबला. बाबा वळसा घालून बाजूच्या फाटकाशी आले होते, आमचं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ. स्काउट इंग्रजीत म्हणाला, "असा पळणारा मुलगा मी या देशात पाहिलेला नाही. पण झेल घेतल्यावर ते काय होतं? कुणी शिकवलं तुला ते?"

समोर माझं सगळं आयुष्य उभं होतं आणि निघायच्या घाईत होतं. खरं सांगितलं असतं, की मी मुद्दाम केलं, तर कोण घेणार होतं मला? मी म्हणालो, "माय डॅड. त्यांनी मला वर्षभर क्रिकेटसारखा सराव दिला. त्यांना हा खेळ कळत नाही. मला सवय लागली." हे मी बाबांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणालो. मुद्दाम नाही. पण हळूही नाही.

बाबा फाटकाशी एक पाऊल पुढे आले. मास्क नीट वर केला, साहेबासमोर जातात तसे. "येस सर. माय मिस्टेक, सर. ही नोज द रूल. आय शाउटेड, ही हर्ड मी. प्लीज, वन मोअर बॉल, सर. आय विल नॉट स्टँड हिअर. आय विल गो होम." त्यांनी हात जोडले. पन्नास वर्षांचा माणूस, एवढ्या मोठ्या यंत्रांचा हिशेब डोक्यात ठेवणारा, एका अनोळखी माणसापुढे लोखंडी फाटकातून हात जोडून उभा होता, आणि मी खाली बुटांच्या नाड्यांकडे बघत होतो. स्काउट कसनुसा झाला. मैदान पाचला रिकामं करायचंय म्हणाला, कळवतो म्हणाला, आणि गेला.

आम्ही सायकलींवरून घरी आलो. वारा समोरून होता. बाबा पुढे, मी मागे, आणि मी एकदाही त्यांना गाठलं नाही, माझे पाय एवढे जलद असून. आईनं दार उघडलं, आमचे चेहरे पाहिले. "काय झालं?"

बाबा बूट काढत म्हणाले, "ह्याचं काही चुकलं नाही गं. फार सुंदर झेल घेतला. मी मूर्खासारखा ओरडलो आणि त्याचं लक्ष गेलं. सगळं माझ्यामुळे गेलं."

"काय हो तुम्ही!" आई म्हणाली. तिनं थालीपीठ वाढलं. मी जेवलो. दोन थालीपिठं खाल्ली, ती मला आठवतात, आणि आठवतात याचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी हातमोजा घेऊन जिन्याशी उभा राहिलो. माळ्यावरून बाबा म्हणाले, "आज मीटिंग आहे रे." फ्रिजवरच्या कागदावर चार वाजता काही लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नको निन्या. माझ्या हातून तुझी सवय बिघडते. तू योसकडे जा. त्यांना कळतं." तेव्हा बोलायला हवं होतं. चार वाक्यं पुरली असती: बाबा, सवय नव्हती. मला सगळं दिसत होतं. तुम्ही ओरडलात म्हणून मला इतका आनंद झाला की मला बाकी कशाची पर्वा उरली नाही. आणि मग मी घाबरलो आणि खोटं बोललो. एवढंच. मी म्हणालो, "ओके."

पाच आठवड्यांनी स्काउटचा मेल आला. पायांमुळे तो माझ्यावर पाणी सोडायला तयार नव्हता. हिवाळ्यातल्या शिबिरात जागा देतो, पण तोवर झेलानंतरची फेक सुधारून ये. तो सगळा उन्हाळा मी योसच्या हाताखाली काढला. झेल, फेक, झेल, फेक, बोटं सोलून निघेपर्यंत. पुढे लोक माझ्या खेळाबद्दल तेच बोलायचे, की याच्या झेलात आणि फेकीत मधे काही नसतं, चेंडू हातमोज्याला लागतो न लागतो तोच निघतो. एका समालोचकानं मला थंड डोक्याचा म्हटलं होतं. झेल घेतल्यावर मी त्यानंतर कधीच कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आईनं मास्ट्रिख्टचा प्रवेश स्वतः रद्द केला आणि चिवडा बांधून दिला. बाबांनी मला विमानतळावर सोडलं, बॅग उचलली, हातमोज्याची पिशवी मात्र मीच घेतली. बाबांनी पुन्हा कधी मला चेंडू मारला नाही. सुट्टीत घरी आलो की मी विचारायचो, चला की कालव्यावर. ते म्हणायचे, "आता तू प्रोफेशनल."

निर्बंध उठल्यावर इथल्या मराठी लोकांचं दिवाळीचं जेवण झालं, एका शाळेच्या सभागृहात. मी शिबिरातून करार घेऊन परत आलो होतो आणि सगळे माझ्याभोवती जमले होते. कुणीतरी काका बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय राव, तुम्हीच घडवलंत की पोराला! ऐकलंय आम्ही, रोज कालव्यावर." बाबा जोरात हसले. "छे हो! मी शिकवत होतो तोवर बिघडतच होता. मी सोडलं, म्हणून हा झाला." सगळे खळखळून हसले. कागदी ताटली हातात धरून मीही हसलो.

ते वाक्य त्यांना आवडलं. मग ते दर वर्षी, दर घरी ते सांगायला लागले, पाहुण्यांना, माझ्या बायकोला, माझ्या मुलींना. कधी कडवटपणे नाही, नेहमी अभिमानानं. शेवटच्या आजारात घरी येणाऱ्या नर्सलाही त्यांनी ते सांगितलं, मोडक्यातोडक्या डचमध्ये, धाप लागत असताना, माझ्याकडे बोट दाखवत. ती कौतुकानं माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "खरंच का?" बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, हो.